मग्दालियाचे मोकळे केस

दरवर्षी उपवासकाळ सुरू झाला, की आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी गुड फ्रायडेच्या देखाव्याची संहिता घेऊन आमच्याकडे येतात. संहिता बहुधा मागील वर्षाचीच असते. फार तर पिलाताच्या तोंडी दोन वाक्ये वाढलेली असतात. त्यातील एक प्रवेश मात्र कधीच बदलत नाही. लाल वस्त्र नेसलेली, केस मोकळे सोडलेली एक तरुणी रंगमंचावर ओढून आणली जाते, लोक हाती धोंडे घेतात, प्रभू वाकून भूमीवर काही लिहितात, धोंडे एकेक करून गळून पडतात आणि ती तरुणी प्रभूच्या चरणांशी कोसळते. संहितेच्या समासात तिचे नाव लिहिलेले असते : मग्दालिया. ही संहिता आमच्या हातून गेली कित्येक वर्षे संमत होत आली आहे. ‘मग्दालियाचा प्रवेश जरा लांबतो,’ अशी सूचना आम्ही एकदा केल्याचेही स्मरते. ती मग्दालियाच आहे का, हे विचारण्याचे मात्र आम्हांस सुचले नाही.

वाचकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय उघडून पाहावा. व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या त्या स्त्रीला तेथे नाव नाही. तिचे मोकळे केस नाहीत, लाल वस्त्र नाही. प्रभूच्या चरणी ती कोसळतही नाही. सगळे निघून गेल्यावर ती तेथेच उभी असते, एवढेच योहान सांगतो. मग हे नाव, हे केस आणि हे वस्त्र आमच्या रंगमंचावर आले कोठून?

गृहीत धरलेली गोष्ट माणसाच्या नजरेत कशी शिरते आणि नजरेतून आचरणात कशी उतरते, हे पाहावयाचे झाल्यास मरिया मग्दालियाच्या कथेइतके बोलके उदाहरण आमच्या परंपरेत क्वचितच सापडेल. ते आम्ही निवडतो याला आणखी एक कारण आहे, आणि ते पुढे येईलच.

प्रथम मूळ लेखन पाहू. लूकच्या सातव्या अध्यायात प्रभू शिमोन नावाच्या परुश्याच्या घरी जेवावयास बसले असता नगरातील एक पापी स्त्री आत येते, अश्रूंनी त्यांचे पाय भिजविते, आपल्या केसांनी ते पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लाविते. या स्त्रीचेही नाव लूक देत नाही. तिचे पाप कोणत्या प्रकारचे होते याविषयीही तो मौन पाळतो. ‘पापी स्त्री’ म्हटले की पाप एकाच प्रकारचे असणार, ही भर वाचकांची आहे. तो प्रसंग तेथे संपतो. आठव्या अध्यायाच्या आरंभी प्रभूंबरोबर गावोगाव फिरणाऱ्या स्त्रियांची नावे येतात. जिच्यातून सात भुते निघाली होती ती मग्दालिया म्हटलेली मरिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि आणखी पुष्कळजणी. आपल्या जवळच्या द्रव्यातून त्या प्रभूंचा आणि शिष्यांचा खर्च चालवीत असत. मग्दालियाची ओळख लूक येथे प्रथमच, नव्याने करून देतो. काही ओळींपूर्वी येऊन गेलेली स्त्री हीच असती, तर लूकसारख्या काटेकोर लेखकाने तसे सांगितल्यावाचून सोडले नसते.

राहिली सात भुते. शुभवर्तमानांत भूत लागणे म्हणजे बहुधा दुखणे, झटके, वेड, माणसाचा स्वतःवरील ताबा सुटणे. गरसेकरांच्या प्रदेशात कबरींमध्ये राहणाऱ्या त्या माणसात तर भुतांचे सैन्यच्या सैन्य होते; परंतु त्याला कोणी बदफैली ठरविल्याचे आमच्या वाचनात नाही. पुरुषात सैन्य शिरले तर तो आजारी, स्त्रीत सात शिरली तर ती पतिता! हा हिशेब शुभवर्तमानाने केलेला नाही.

तिसरी स्त्री बेथानीची. मार्था आणि लाजरस यांची बहीण मरिया. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी तिने जटामांसीचे मोलवान तेल प्रभूंच्या पायांना लावले आणि ते आपल्या केसांनी पुसले, असे योहान सांगतो. दोन घरे, दोन भोजने, दोन स्त्रिया. मात्र केस आणि सुगंध दोन्हीकडे. त्यात तिसरीचे नाव दुसरीसारखेच मरिया. गोंधळाला एवढे पुरेसे झाले. वस्तुतः बेथानी दक्षिणेस येरुशलेमच्या वेशीशी, तर मग्दाला उत्तरेस गालील सरोवराच्या पश्चिम काठी. या दोन गावांमध्ये पायी चालणाऱ्याला काही दिवसांची वाट होती. मग्दाला हे मासळी खारविण्याचे गाव मानले जाते. ‘तारिकिया’ हे त्याचे ग्रीक नाव खारविलेल्या मासळीवरूनच पडले. २००९ मध्ये तेथील उत्खननात पहिल्या शतकातील सभास्थान सापडले. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना मग्दालिया आपल्याकडील एखाद्या कर्त्या कोळणीसारखी दिसू लागली तर नवल नाही. आम्हांसही तो मोह झाला. पण एक गृहीतक उठवून त्याच पाटावर दुसरे बसविण्यात काय हशील? तिच्याजवळ खर्चावयास द्रव्य होते, एवढेच लूक सांगतो. आपणही तेथेच थांबावे.

या तिघींना एक करण्याचे श्रेय वा दोष प्रामुख्याने ज्यांच्याकडे जातो ते पोप ग्रेगरी, ज्यांना ख्रिस्तसभा ‘महान’ म्हणून गौरविते. इ. स. ५९१ मध्ये रोममध्ये केलेल्या एका प्रवचनात त्यांनी लूकमधील पापी स्त्री, बेथानीची मरिया आणि सात भुते निघालेली मरिया या एकच होत, असे सांगितले. सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण, असा अर्थ त्यांनी लाविला. तेलाची कुपीही त्यांनी सोडली नाही. पूर्वी जे तेल ती स्वतःच्या देहासाठी वापरी, ते आता तिने देवाला वाहिले, असे त्यांचे विवेचन आहे.

हे प्रवचन वाचताना ते कोणत्या काळी झाले याचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल. आदल्याच वर्षी रोममध्ये महामारी पसरली होती. आधीचे पोप पेलागियुस दुसरे त्याच महामारीत निवर्तले होते. लोंबार्डांच्या स्वाऱ्यांचे भय होतेच. प्रेते पाहून थिजलेल्या लोकांपुढे ग्रेगरी उभे होते आणि सर्वांत मोठ्या पाप्यालाही आशा आहे, हे त्यांना सांगावयाचे होते. त्यासाठी त्यांना एक चेहरा हवा होता. प्रवचनकाराला तीन अपुऱ्या पात्रांपेक्षा एक भरीव पात्र अधिक उपयोगी पडते, हे आम्ही त्याच व्यवसायातले म्हणून अनुभवाने सांगू शकतो. पाप, अश्रू, क्षमा, क्रूसापाशी निष्ठा आणि पुनरुत्थानाचे पहिले दर्शन : तिघींच्या तुकड्यांतून किती सुडौल चरित्र तयार झाले! साहित्यकृती म्हणून त्यात उणे काढावयास जागा नाही. ते घडले नव्हते, एवढाच त्यातील दोष.

पूर्वेकडील ख्रिस्तसभेने हा मेळ कधी स्वीकारला नाही. तेथे मग्दालिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे जाणारी आणि प्रेषितांच्या बरोबरीची स्त्री म्हणूनच पूजिली गेली. पश्चिमेत मात्र ग्रेगरींचे प्रवचन हाच पाठ ठरला. १५१७ मध्ये फ्रान्समधील विद्वान जाक लफेव्र देताप्ल यांनी या स्त्रिया वेगवेगळ्या असल्याचे लिहिले, तेव्हा इंग्लंडचे बिशप जॉन फिशर यांनी १५१९ मध्ये त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलली आणि १५२१ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्यापीठाने लफेव्र यांचे मत निषिद्ध ठरविले. फिशर पुढे श्रद्धेसाठी शिरच्छेद पत्करून हुतात्मा झाले, संत झाले. सज्जन, विद्वान आणि शूर माणूसही गृहीताच्या बाजूने किती जोराने लढू शकतो, हे येथे दिसते.

तथापि विद्यापीठाच्या ठरावाने जे झाले नसते ते चित्रकारांनी केले. व्हेनिसचा थोर चित्रकार तित्सियान याची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात असलेले पहिले चित्र १५१४ च्या सुमारास रंगविलेले. पहाटेच्या उजेडात मग्दालिया गुडघ्यांवर आहे, एका हातात कुपी आहे, दुसरा हात पुढे आला आहे. माळ्याचे खोरे हाती घेतलेले प्रभू अंग चोरून किंचित बाजूला होत आहेत. दोघांमध्ये एक क्षण थांबला आहे. काहीतरी सांगितले जाणार आहे आणि ते घेऊन तिला धावत जावे लागणार आहे, हे चित्रातील हालचालीवरून कळते. दुसरे चित्र त्यानंतर वीसएक वर्षांनी काढलेले, सध्या फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. यात प्रभू नाहीत, कबर नाही, वाट नाही. उघड्या देहावर सोनेरी केसांचा झोत गुंडाळून, डोळे आकाशाकडे लावून एक सुंदर स्त्री रडते आहे. केस लज्जा झाकण्यासाठी असल्याचा आव आहे. ते झाकतात कमी आणि दाखवितात अधिक. कुपी येथेही आहे. पहिल्या चित्रात ती कुपी मृताला लावावयाच्या सुगंधी द्रव्याची होती. दुसऱ्या चित्रात ती गतायुष्यातील विलासाची खूण होऊन बसली. चित्रकार तोच, स्त्री तीच म्हणावयाची, कुपी तीच. एवढ्यातच सगळे पालटले. पहिलीजवळ सांगण्यासारखे काही होते. दुसरीकडे आपण केवळ पाहावयाचे.

आमचे प्रामाणिक मत असे, की दुसरे चित्र रंगकौशल्यात तसूभरही कमी नसूनही ते अधिक गरीब चित्र आहे. आणि दुर्दैव असे, की युरोपभर ज्याच्या आवृत्त्या निघाल्या ते हेच दुसरे. दोनातेल्लोच्या लाकडी मूर्तीतील हाडांचा सापळा झालेली, केसांनीच वेढलेली मग्दालिया तित्सियानच्या रूपगर्वितेहून किती वेगळी! पण तीही पश्चात्तापच करते आहे. तरुण असो वा जर्जर, तिला दुसरे काम उरले नाही. हा समज सागर ओलांडून आपल्या देशातील साहित्यातही आला. मल्याळम् महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी १९२१ मध्ये लिहिलेल्या खंडकाव्यात शिमोनाच्या घरी येणारी पापी स्त्री मग्दालिया मरियाच आहे. ख्रिस्ती नसलेल्या कवीने एवढ्या आत्मीयतेने हा विषय हाताळावा याचा आनंद वाटतो. दोष द्यावा तर कवीला कसा द्यावा? ख्रिस्ती लोकांनी त्याच्या हाती जी कथा ठेवली, ती त्याने घेतली.

गृहीतक चित्रात आणि काव्यात राहिले असते तर एक वेळ चालले असते. आयर्लंडमध्ये ‘मग्दालिया’ या नावाने चालविलेल्या धुलाईघरांत अविवाहित माता, अनाथ मुली, अनाथगृहांतून व इतर संस्थांतून पाठविलेल्या मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या स्त्रिया यांना ठेवून घेऊन बिनमोल कामाला जुंपले गेले. ही घरे आमच्याच धर्मभगिनींनी चालविली, हे लिहिताना मान खाली जाते. त्या देशाच्या शासकीय समितीच्या अहवालाप्रमाणे १९२२ पासून शेवटचे घर १९९६ मध्ये बंद होईपर्यंत किमान १०,००० स्त्रिया त्यांत राहून गेल्या. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत या स्त्रियांची क्षमा मागितली. दारावर जे नाव लिहिले होते त्यानेच आत येणारीचा न्याय आधीच करून टाकला होता. तिने काय केले, हे विचारण्याची गरजच उरली नाही.

आणि आता ते कारण, ज्याचा आरंभी उल्लेख केला.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एक विवाहित बाई दोन मुलांना घेऊन माहेरी परतली. ती मुंबईत नोकरीस जाई व रात्री उशिराच्या गाडीने घरी येई. गावाने आपला हिशेब मांडला : नवरा सोडला, रात्री उशिरा येते, केस कापलेले आहेत. त्या कुजबुजीत आम्ही भाग घेतला नाही. किंबहुना ती आम्हांस असह्य झाली. म्हणून उपवासकाळातील एका रविवारी आम्ही वेदीवरून मग्दालियावर प्रवचन केले. प्रभूंनी जिला क्षमा केली तिच्यावर दगड उचलणारे आपण कोण, असे विचारले. प्रवचन चांगले झाले. लोकांनी माना खाली घातल्या, मिस्सेनंतर दोघाचौघांनी हात हाती घेऊन आमचे अभिनंदनही केले.

त्याच आठवड्यात ती बाई आमच्याकडे आली. खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

‘फादर, तुम्ही माझी बाजू घेतलीत, हे मला कळलं,’ ती म्हणाली. ‘पण मला क्षमा कशाची? नवरा मारायचा म्हणून मी घर सोडलं. इतके दिवस लोक पाठीमागे बोलत होते. आता वेदीवरून ठरलं.’

आमच्याजवळ उत्तर नव्हते. काय घडले, हे आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. कुजबुज करणारे आणि आम्ही, दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली होती. त्यांनी त्यावरून निंदा केली, आम्ही दया केली. निंदेला ती उत्तर देऊ शकत होती. दयेला कोणत्या तोंडाने देणार? पुढे ती मुलांना घेऊन शेजारच्या धर्मग्रामात मिस्सेला जाऊ लागली.

त्या रात्री आम्ही लूकचे ते दोन अध्याय पुन्हा वाचले. वाचताना जी गोष्ट बोचली ती सांगितलीच पाहिजे. या तीन स्त्रिया वेगवेगळ्या आहेत, हे आम्हांस नव्याने कळले नव्हते. सेमिनरीत पवित्र शास्त्राच्या वर्गात ते आम्हांस शिकविण्यात आले होते. परीक्षेत तसे लिहून आम्ही गुणही मिळविले होते. १९६९ मध्ये रोमन दिनदर्शिकेची फेररचना झाली, तेव्हा २२ जुलैच्या तिच्या सणाला पापी स्त्रीच्या पाठाऐवजी पुनरुत्थानाच्या पहाटेचा पाठ आला आणि ‘पश्चात्तापिनी’ ही तिची उपाधी गेली. ‘दिएस इरे’ या प्राचीन लॅटिन स्तोत्रात क्षमा मिळालेल्या मरियेचा उल्लेख होता. प्रहरप्रार्थनेच्या नव्या ग्रंथात तेथून ‘मरिया’ हे नाव काढून ‘पापी स्त्री’ एवढेच ठेवण्यात आले. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरी प्रवचनाला उभे राहिलो तेव्हा तोंडून बाहेर पडली ती लहानपणी घरच्या भिंतीवर पाहिलेल्या चित्रातील, केस मोकळे सोडलेली बाई. ज्ञान वहीत राहिले होते. समज डोळ्यांत होता, आणि बोलताना माणूस वही उघडत नाही.

अलीकडे या समजाला नवा अंकुर फुटला आहे, त्याचाही ओझरता उल्लेख करावयास हवा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द दा विंची कोड’ या खपाऊ कादंबरीने मग्दालियाला वेश्येच्या कलंकातून सोडविले आणि लगेच प्रभूंची पत्नी करून टाकले. पुराव्याच्या नावाने शून्य. पण त्याहूनही खटकते ते हे, की कोणत्या ना कोणत्या पुरुषाशी नाते जोडल्यावाचून या स्त्रीला ओळखच द्यावयाची नाही, ही जुनी खोड कादंबरीकारानेही सोडली नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द पॅशन ऑफ द ख्राईस्ट’ या चित्रपटाने धोंडमारीच्या प्रसंगातील स्त्री म्हणजे मग्दालियाच, असे दाखविले. आमच्या तरुणांनी तो चित्रपट पारायणे केल्यासारखा पाहिला आहे.

ज्यासाठी चारही शुभवर्तमाने तिचे नाव आवर्जून देतात ती गोष्ट या सगळ्या गलबल्यात बाजूला पडते. प्रभूंना क्रूसावर दिले तेव्हा ती तेथे होती. कबरेकडे गेलेल्या स्त्रियांत ती होती. योहानाच्या विसाव्या अध्यायात प्रभू तिला नावाने हाक मारतात, आणि शिष्यांकडे निरोप घेऊन जाण्यास सांगतात. ती जाते आणि सांगते. प्रेषितांना स्त्रियांचे ते बोलणे वायफळ वाटले, असे लूक नोंदवितो. त्यांनीही काही गृहीत धरले होते म्हणावयाचे. ३ जून २०१६ च्या आज्ञापत्राने पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला आणि ‘प्रेषितांची प्रेषित’ ही तिची जुनी पदवी मिस्सेच्या प्रार्थनेत आली. आमच्या धर्मग्रामात २२ जुलैला सकाळच्या मिस्सेला नेहमीची वीस-पंचवीस माणसे असतात. त्यांतील बहुतेक स्त्रिया. वेदीवरची फुले त्या बदलतात, फरशी त्या पुसतात. देवळाच्या डागडुजीचे ठरवावयाचे असते तेव्हा मात्र सभेला आम्हांस पुरुषच दिसतात. आम्हांस, असे म्हटले, बोलावणारेही आम्हीच.

यंदा संहिता आली तेव्हा आम्ही समासातील नावावर रेघ मारली. लिहिणारा मुलगा हुशार आहे, त्याने थोडे रागानेच विचारले, ‘फादर, तो प्रवेश काढून घेतला, तर मग्दालियाला करायला काय उरतं?’ आम्ही त्याच्या हाती शुभवर्तमान दिले. आठ दिवसांनी तो परत आला. धोंडमारीच्या प्रवेशात आता ‘एक स्त्री’ एवढेच लिहिले होते. शेवटी कबरेवर धोंड बसवून सगळे निघून जातात, दिवे मंद होतात, आणि मत्तयात आहे त्याप्रमाणे कबरेसमोर दोन स्त्रिया बसून राहतात. त्यांतील एकीपुढे त्याने मग्दालियाचे नाव घातले होते. संवाद एकही नव्हता.

वेशभूषा पाहणाऱ्या बाईंनी मात्र तालमीत अडविले. ‘फादर, हिचे केस मोकळे ठेवायचे, की अंबाडा घालू?’

शुभवर्तमानात तिच्या केसांविषयी काहीच नाही, असे आम्ही सांगितले.

‘मग डोक्यावर पदर घेते,’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.